हिंगणीच्या जमिनीतला किरणोत्सर्ग : गावाने कसा मोजावा, आकडा कसा वाचावा

एखाद्या गल्लीत दोन-तीन वर्षांत तीन-चार जणांना कर्करोग झाला की गावात चर्चा सुरू होते. कुणी टॉवरवर बोट ठेवतं, कुणी फवारणीवर, कुणी बोअरच्या पाण्यावर. हल्ली त्यात ‘जमिनीतलं रेडिएशन’ हीही एक शंका आली आहे. सेलू तालुक्यातल्या हिंगणीसारख्या गावाला या शेवटच्या शंकेचं उत्तर स्वतः मोजून मिळवता येतं. शाळेतले विज्ञान शिक्षक, ग्रामपंचायत, गावचा जलसुरक्षक आणि नागपूर-वर्ध्याच्या एखाद्या महाविद्यालयाचा भौतिकशास्त्र विभाग एवढी मंडळी एकत्र आली तरी काम उभं राहतं. पण सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. किती लोक आजारी पडले यावरून किरणोत्सर्ग ठरवायचा नाही. किरणोत्सर्ग आधी मोजायचा आणि त्यातून किती धोका संभवतो ते मग काढायचं. हा क्रम उलटा झाला की गावात नुसती भीती पसरते आणि खऱ्या कारणाकडे लक्षच जात नाही.

यंत्र हातात घेण्याआधी पायाखालचा दगड ओळखावा. बोर धरणाच्या आणि बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरचं हे गाव दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर वसलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड आणि त्याच्या झिजेतून झालेली काळी, चिकण, कापसाची माती. जमिनीतून येणारा किरणोत्सर्ग मुख्यतः युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम या तिघांमुळे असतो. बेसाल्टात हे तिन्ही कमी आणि ग्रॅनाइट व त्याच्या जातीच्या जुन्या खडकांत जास्त. नागपूर शहर तर या दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवरच आहे. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, आणि पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या दिशेला फार जुने खडक लागतात. म्हणून हिंगणीच्या उघड्या रानात आकडा कमी येईल अशी अपेक्षा धरूनच निघावं. कमी आला म्हणजे यंत्र बिघडलं असं समजू नये, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या गावात जास्त आला म्हणून तिथल्या लोकांनी घाबरू नये.

आता एकूण हिशोब पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीच्या अंदाजाने जगातल्या सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. त्यातली ०.३९ आकाशातल्या वैश्विक किरणांची, ०.४८ जमीन आणि भिंती यांच्याकडून बाहेरून येणारी, ०.२९ अन्नपाण्यातून, आणि निम्म्याहून अधिक म्हणजे १.२६ श्वासातून जाणाऱ्या रेडॉन वायूची आणि त्याच्या भावंडांची. हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण बाजारात मिळणारा हातातला मीटर रेडॉनचा हा मोठा वाटा जवळजवळ दाखवतच नाही. मीटर घेऊन गावभर फिरलो म्हणजे सगळं मोजून झालं हा समज इथेच सोडावा.

आपल्या शरीरातही किरणोत्सर्ग असतो. प्रौढ माणसाच्या अंगातल्या पोटॅशियममुळे दर सेकंदाला सुमारे ४००० अणू फुटत असतात. सेलू तालुका एकेकाळी केळीच्या बागांसाठी ओळखला जायचा. एका केळात अशा घटना सेकंदाला सुमारे १५ होतात. केळी खाऊन अंगातलं पोटॅशियम वाढत नाही, जास्तीचं शरीर बाहेर टाकतं. त्यामुळे कुणी केळीचा आकडा दाखवून घाबरवलं तर बिनधास्त खात राहा. मोबाइल टॉवर आणि विजेच्या तारा या मोजणीत येतच नाहीत. त्यांच्या लहरी अणू फोडण्याइतक्या जोरकस नसतात आणि गायगर मीटर त्या दाखवत नाही. टॉवरची तक्रार असेल तर ती दूरसंचार विभागाकडे स्वतंत्रपणे करावी, या कामात मिसळू नये.

बाहेरचे गॅमा किरण मोजायला गायगर-म्युलर नळीचा साधा मीटर पुरतो. तो ‘मायक्रोसिव्हर्ट दर तास’ असा आकडा देतो. साध्या ठिकाणी ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान काहीतरी दिसेल. मीटर जिवंत आहे की नाही हे तपासायला कृषी सेवा केंद्रात जा. पोटॅशच्या गोणीवर, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशवर, मीटर ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. नैसर्गिक पोटॅशियममध्ये किरणोत्सर्गी अंश असतोच. पन्नास किलोच्या गोणीत सेकंदाला सुमारे आठ लाख अणू फुटतात. आकडा स्पष्ट वर गेला पाहिजे. मग तोच मीटर युरियाच्या गोणीवर ठेवा. युरियात पोटॅशियम नसल्याने आकडा पुन्हा खाली येईल. शाळेच्या मुलांना हा फरक दाखवला की पुढचं सगळं समजावणं सोपं जातं. गोणी हाताळायला यातून काही धोका नाही, हेही त्याच वेळी सांगावं.

बहुतेक जण चुकतात ते थांबण्यात. अणू फुटणं नियमित नसतं. मीटरवर मिनिटाला सरासरी २० ठोके (म्हणजे नोंदलेले किरण) पडत असतील तर एका मिनिटात १५ आणि पुढच्या मिनिटात २५ दिसणं अगदी स्वाभाविक आहे. मोजलेल्या ठोक्यांचं वर्गमूळ काढा, तेवढी घट-वाढ धरून चाला. २० ठोक्यांवर ती साडेचारच्या आसपास, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त. दहा मिनिटांत २०० ठोके झाले तर १४, म्हणजे सात टक्के. तासाभरात १२०० झाले तर ३५, म्हणजे तीन टक्के. एका मिनिटाचा आकडा बघून ‘पाटलाच्या घरी जास्त, माझ्या घरी कमी’ असं म्हणणं म्हणजे नाणं एकदा उडवून निकाल देण्यासारखं आहे. प्रत्येक ठिकाणी निदान दहा मिनिटं, जमिनीपासून एक मीटर उंचीवर, मीटर तिपाईवर किंवा स्टुलावर ठेवून मोजा आणि एकूण ठोके वहीत लिहा. सरासरी घरी बसून काढता येते, सुटलेले ठोके परत मिळत नाहीत.

हिंगणीजवळ एक सोय आहे जी फार थोड्या गावांना लाभते, ती म्हणजे बोर धरणाचा जलाशय. दोन मीटर खोल पाणी तळाच्या मातीतून येणारे गॅमा किरण जवळपास सगळे अडवतं. किनाऱ्यापासून दोनशे मीटर आत नावेत बसून अर्धा तास मोजलं तर मीटरवर जे उरतं ते आकाशातले किरण आणि मीटरचा स्वतःचा अंश. समजा तिथे ०.०५ आलं आणि गावात ०.०९, तर जमिनीचा आणि भिंतींचा वाटा उरलेला ०.०४. पाटबंधारे आणि वन विभागाची परवानगी काढूनच जावं, कारण परिसर व्याघ्र प्रकल्पाचा आहे.

पावसाबद्दल सावध राहा. हवेत तरंगणारे, रेडॉनपासून झालेले कण पावसाच्या सरीबरोबर जमिनीवर येतात आणि सर पडून गेल्यावर काही काळ मीटरचा आकडा चढतो. तास-दोन तासांत तो उतरतो. पहिल्या पावसात कुणी मीटर काढला तर गावात नाहक आरडाओरड होईल. त्यामुळे पाऊस थांबून निदान तीन-चार तास झाल्यावर मोजा, आणि तारीख, वेळ, पाऊस, जमीन ओली की कोरडी हे प्रत्येक नोंदीसमोर लिहा.

घरं निवडताना ओळखीचीच निवडू नका. गावात मातीच्या भिंतीची कवेलूची घरं आहेत, विटा-सिमेंटची स्लॅबची आहेत, घरकुल योजनेतली आहेत, फरशी-ग्रॅनाइटची नवी आहेत. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीतून प्रत्येक प्रकारातली पाच-सहा घरं चिठ्ठ्या टाकून काढा. त्यात शाळा आणि अंगणवाडी धराच, कारण मुलं तिथे बसतात. घरात मोजताना खोलीच्या मध्यभागी ठेवा, भिंतीला टेकवून नाही.

हिशोब असा करतात. समजा पाण्यावरचा अंश वजा केल्यावर बाहेर ताशी ५० आणि घरात ७० नॅनोग्रे आलं (मीटरवरचं ०.०५ मायक्रोसिव्हर्ट म्हणजे ढोबळमानाने ५० नॅनोग्रे). माणूस ढोबळमानाने वीस टक्के वेळ बाहेर आणि ऐंशी टक्के छपराखाली असतो असं धरतात. शेतकऱ्याच्या बाबतीत बाहेरचा वेळ जास्त, तो तुम्ही बदलून घ्या. वर्षाचे तास ८७६०. बाहेरचे ५० गुणिले १७५२, घरातले ७० गुणिले ७००८, बेरजेला ०.७ ने गुणून दहा लाखांनी भागलं की मिलिसिव्हर्ट मिळतात. उत्तर साधारण ०.४ येतं. जगाची सरासरी ०.४८. इथले ५० आणि ७० हे आकडे फक्त हिशोब दाखवायला घेतले आहेत, तुमचे तुम्ही भरा.

या टप्प्यावर हमखास कुणीतरी उठून म्हणतं की कायद्याची मर्यादा तर वर्षाला एकच मिलिसिव्हर्ट आहे. ती मर्यादा अणुऊर्जा नियामक परिषदेची आहे, पण ती माणसाने चालवलेल्या अणुप्रकल्पांतून आणि तत्सम उद्योगांतून जनतेला मिळणाऱ्या जादा मात्रेसाठी आहे. निसर्गातून मिळणारी आणि वैद्यकीय तपासणीची मात्रा तिच्यात धरत नाहीत. ग्रामसभेत हे आधीच सांगून टाकलं तर पुढचा अर्धा तास वाचतो.

नव्या घरांच्या विटांबद्दलही विचारणा होते. कोराडी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख विटांत जाते, आणि कोळसा जळून गेल्यावर त्यातलं युरेनियम-थोरियम राखेत एकवटतं हे खरं आहे. यासाठी एक निर्देशांक वापरतात. विटेच्या नमुन्यात दर किलोला रेडियम किती बेकरेल (म्हणजे सेकंदाला फुटणारे अणू) ते ३०० ने भागा, थोरियम २०० ने, पोटॅशियम ३००० ने, आणि तिन्ही मिळवा. बेरीज एकच्या खाली असली तर बाहेरून येणाऱ्या गॅमाच्या दृष्टीने वीट चालते. उदाहरणार्थ रेडियम ९०, थोरियम १००, पोटॅशियम ३०० असेल तर ०.३, ०.५ आणि ०.१ मिळून ०.९ झालं. हे मोजायला गॅमा स्पेक्ट्रोमीटर लागतो, तो प्रयोगशाळेतच असतो. दोन-तीन भट्ट्यांचे नमुने पाठवले तरी पुरे.

आता रेडॉन. माझ्या मते गावाने आपली निम्मी शक्ती इथे लावावी. युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस, त्यामुळे जमिनीतून घरात शिरायला त्याला पुरेसा वेळ मिळतो. उघड्यावर तो लगेच विरून जातो. बंद खोलीत साठतो आणि त्यापासून झालेले घन कण श्वासाबरोबर फुप्फुसात बसतात. १९८४ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात स्टॅनली वॉट्रास नावाच्या अभियंत्यामुळे अणुवीजकेंद्रातली धोक्याची घंटा वाजू लागली, आणि ती वाजायची तो कामावर आत येताना. केंद्र तेव्हा सुरूही झालेलं नव्हतं. शोध घेतला तेव्हा त्याच्या राहत्या घरात रेडॉन प्रचंड साठलेला आढळला. घरातल्या रेडॉनकडे जगाचं लक्ष तिथून गेलं. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवलं.

रेडॉन मोजायला महागडं यंत्र लागत नाही. एका छोट्या डबीत विशिष्ट प्लॅस्टिकची फिल्म ठेवतात, रेडॉनमधून निघणारे अल्फा कण त्यावर सूक्ष्म ओरखडे उमटवतात, तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत ते मोजतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेली पिनहोल डबी देशातल्या अनेक विद्यापीठांनी वापरली आहे. डबी झोपायच्या खोलीत, माणसाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर दूर टांगावी. मातीच्या भिंतीच्या घरात हे अंतर फार महत्त्वाचं, कारण मातीतून थोरॉन नावाचा रेडॉनचा भाऊ निघतो. तो ५५ सेकंदांत अर्धा होतो, म्हणून भिंतीलगतच दाट असतो आणि चिकटून टांगलेल्या डबीचा आकडा फसवा येतो. घरच्यांना सांगा की डबीसाठी म्हणून खिडक्या उघडायच्या नाहीत आणि बंदही करायच्या नाहीत, रोजचं राहणं तसंच चालू द्यायचं. एका ऋतूवर थांबू नका. थंडीत दारं-खिडक्या लागलेल्या असतात. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडून जमिनीतली हवा सहज वर येते, तर पावसाळ्यात तीच माती फुगून वाट बंद करते. चार डब्या, चार तिमाह्या, असं वर्ष पूर्ण करा. विदर्भातला कूलर या बाबतीत उपकारक आहे, तो बाहेरची हवा सतत आत ढकलतो. एसीची घट्ट बंद खोली मात्र मोजणीत आवर्जून घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटना घरातल्या रेडॉनसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल ही पातळी सुचवते, आणि ते जमत नसेल तर ३०० च्या वर जाऊ नये म्हणते. यातला धोका ठोस आकड्यांत सांगता येतो. युरोपातल्या तेरा अभ्यासांची २००५ मध्ये एकत्र मांडणी झाली. आयुष्यभर धूम्रपान न केलेल्या हजार जणांत पंच्याहत्तरीपर्यंत फुप्फुसाचा कर्करोग रेडॉन शून्य असताना सुमारे ४ जणांना, १०० बेकरेलला ५ जणांना, ४०० ला ७ जणांना. सिगारेट ओढणाऱ्या हजारांत हेच आकडे १००, १२० आणि १६०. रेडॉनची सर्वांत जास्त झळ बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला बसते, आणि त्याच्या घरात खिडकी उघडण्याआधी बिडी विझणं जास्त गरजेचं आहे.

पाण्याची तपासणी वेगळी मागावी लागते. गावात वापरतात त्या किटवर आणि नेहमीच्या चाचणीत युरेनियम दिसत नाही. विहीर, हातपंप, नळयोजनेचा स्रोत असे नमुने स्वच्छ बाटलीत घेऊन त्याची सोय असलेल्या प्रयोगशाळेकडे द्या. नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, तिथे आधी चौकशी करून जा. भारतीय मानक संस्थेची आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकच, लिटरला ३० मायक्रोग्रॅम. पाण्यातल्या युरेनियमचा मुख्य त्रास मूत्रपिंडाला होतो आणि तो त्याच्या रासायनिक विषारीपणामुळे, किरणांमुळे नाही. त्याच नमुन्यात नायट्रेट आणि फ्लोराइडही तपासून घ्या. खतांचा वापर पाहता नायट्रेट जास्त निघण्याची शक्यता मला अधिक वाटते.

सगळे आकडे हातात आल्यावर मूळ प्रश्नाकडे वळा : गल्लीतल्या कर्करोगाचं काय? केरळातल्या कोल्लम जिल्ह्यात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग देशात सर्वाधिक आहे, काही जागी तर जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट. तिथल्या जवळपास ७० हजार लोकांचा सरासरी साडेदहा वर्षं पाठपुरावा करून २००९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. २००५ पर्यंत १३७९ जणांना कर्करोग झाला होता, पण ज्यांना जास्त मात्रा मिळाली त्यांच्यात तो जास्त असल्याचं दिसलं नाही. इतका मोठा अभ्यास करूनही जिथे फरक हाती लागला नाही, तिथे बेसाल्टवरच्या एका गावात तीन-चार रुग्णांवरून तो दिसणं शक्य नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे देशात नऊपैकी एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होतो. म्हणजे हजार वस्तीच्या गावात शंभरावर लोकांना तो होणार आहे, आणि ते सगळे सारख्या अंतराने वाटून येत नाहीत. कधी एकाच गल्लीत येतात.

तरीही शंका उरली तर रुग्णांची यादी करताना कर्करोग कुठल्या अवयवाचा, वय किती, गावात किती वर्षं राहणं, तंबाखू-खर्रा किती, हे विचारा. वर्धा जिल्ह्याची कर्करोग नोंदणी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत होते, तिथल्या तज्ज्ञांकडे ही यादी न्या. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण जास्त निघाले तर कारण जमिनीत शोधत बसू नका, ते चौकातल्या पानठेल्यावर आहे. खर्ऱ्यामुळे विदर्भातली तरणीताठी पोरं जबडा गमावताहेत आणि आपण टॉवरवर वाद घालतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. किरणोत्सर्गाचीच काळजी असेल तर वैद्यकीय तपासणीकडेही पाहा : पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये सुमारे ८ ते १० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, म्हणजे निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळते तेवढी. डॉक्टरांनी गरजेचा सांगितलेला स्कॅन टाळू नका, पण जुने रिपोर्ट जपून ठेवा, म्हणजे तोच स्कॅन पुन्हा करावा लागत नाही.

भीती पसरली की विक्रेतेही येतात. ‘रेडिएशन शोषणारं’ स्टिकर किंवा ‘निगेटिव्ह आयन’ लॉकेट कुणी विकायला आणलं तर त्यावर आपला मीटर ठेवून बघा. नेदरलँड्सच्या नियामक संस्थेने २०२१ मध्ये अशा दहा वस्तू किरणोत्सर्गी असल्याचं जाहीर केलं होतं. लहान मुलाच्या गळ्यात तर ते अजिबात घालू नका.

निकाल सांगताना गावाचा सरासरी आकडा, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. कुणाच्या घराचा किती आला हे फक्त त्या घरच्यांना सांगा, नाहीतर उद्या त्या घराला गिऱ्हाईक मिळणार नाही आणि परवा कुणी डबी लावू देणार नाही. रेडॉन ३०० च्या वर निघालेल्या घरी आधी जमिनीच्या आणि भिंतीच्या सांध्यातल्या फटी सिमेंटने बुजवा, समोरासमोर दोन झरोके काढा, रात्री एक तरी खिडकी उघडी ठेवा. मग त्याच जागी नवी डबी टांगा आणि तीन महिन्यांनी आकडा उतरला का ते पाहा. न उतरल्यास फरशीखालून एक पाइप छपरावर नेऊन जमिनीतली हवा परस्पर बाहेर काढता येते. ते काम जाणकाराला विचारून करावं आणि नंतर पुन्हा मोजावं.